खिचडी चांगली, पण संडासाला कुलूप

जानेवारीतली गोष्ट आहे. सकाळी साडेसहाला दारावर थाप पडली. आमच्याच गल्लीतली एक आजी नातीला कडेवर घेऊन उभी होती. नात नऊ वर्षांची, चौथीत शिकणारी. कडेवर घेण्याचे तिचे वय नव्हे, पण तिला पाय टेकवत नव्हता. गुडघे, मांड्या, कंबर, सगळीकडून कळा येत होत्या. डोळे पिवळट झाले होते.

"रातभर लेकरू कन्हत होतं, सिस्टर. एखादी गोळी असंल तर द्या जी," आजी म्हणाली.

पोरीला सिकलसेल आहे हे मला ठाऊक होते. गोळीवर भागणार नाही हेही दिसत होते. ऑटो केला आणि सरकारी दवाखान्यात नेले. सलाईन लागले, दुखणे थांबवण्याची औषधे सुरू झाली, चौथ्या दिवशी ती घरी आली. संध्याकाळी भेटायला गेले तेव्हा सहज विचारले, बेटा, पाणी किती पितेस? तिने आधी आजीकडे पाहिले आणि मग हळू आवाजात सांगितले, "शाळेत नाही पेत. पेलं का लघवीले लागते. अन् संडासले कुलूप राहते."

मी एकोणीस वर्षे नर्स म्हणून नोकरी केली. त्यातली बरीच वर्षे लहान मुलांच्या वॉर्डात गेली. सिकलसेलची तीच तीच मुले थंडीत भरती होतात आणि पुन्हा मार्च-एप्रिलच्या उन्हात भरती होतात, हे दरवर्षी पाहत होते. सुट्टी देताना आईला आम्ही एकच पाठ केलेले वाक्य सांगायचो, लेकराला पाणी भरपूर पाजा. आई मान हलवायची. ते लेकरू दिवसाचे पाच-सहा तास ज्या ठिकाणी असते तिथे त्याला पाणी मिळते का, आणि प्यायलेले पाणी बाहेर टाकायला जागा आहे का, हे विचारायचे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आले नाही. माझ्याही नाही. केसपेपरवर तसा रकाना नव्हता.

म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर शाळेविषयी लिहिते आहे. आमच्या वस्तीतली महानगरपालिकेची मराठी प्राथमिक शाळा, पहिली ते पाचवी, पट सव्वाशेच्या आसपास. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की वाचणारा त्या एका शाळेवर बोट ठेवतो आणि आपल्या वस्तीतल्या शाळेत डोकवायचे विसरतो.

पाण्याचा आणि कळांचा संबंध

विदर्भात आपल्या समाजातल्या अनेक घरांत सिकलसेल आहे. कुणी वाहक आहे, कुणी रुग्ण. तरी पाण्याचे महत्त्व नीट समजावून सांगणारे कमी भेटतात. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. अंगातले पाणी कमी झाले, थंडी लागली, ताप आला किंवा फार धावपळ झाली की अशा पेशी जास्त तयार होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोहोचत नाही आणि कळा सुरू होतात.

दुसरी गोष्ट त्याहून कमी लोकांना माहीत असते. या मुलांच्या मूत्रपिंडाला लघवी घट्ट करून पाणी राखून ठेवणे जमत नाही. त्यामुळे त्यांना लघवी जास्त होते आणि वारंवार होते. रात्री अंथरूणही ओले होते. घरी त्यावरून मार बसतो. शाळेत ऐकावे लागते, "सारखी सुट्टी मागते, अभ्यासाचा कंटाळा येतो हिला." पोरगी आळशी नसते, तिचे शरीरच तसे चालते. म्हणजे जिला सगळ्यांहून जास्त पाणी प्यायचे आहे, तिलाच सगळ्यांहून जास्त वेळा संडासाला जायचे आहे. तिच्यासमोर आपण कुलूप लावले तर ती काय करणार? पाणी पिणे सोडणार. नऊ वर्षांच्या पोरीने ते स्वतःच्या अकलेने केले आणि कुणाला सांगितले नाही.

ज्यांना सिकलसेल नाही त्यांचेही यात नुकसान आहे. तासन्‌तास लघवी दाबून धरणाऱ्या मुलींना जळजळ आणि जंतुसंसर्ग होतो. पाणी कमी प्यायल्याने शौचाला खडा होतो, पोट दुखते, दुपारी डोके दुखते आणि लक्ष लागत नाही. पाचवीतल्या एखाद्या पोरीची पाळी दहाव्या-अकराव्या वर्षीच सुरू होते. संडास बंद असेल तर ती महिन्यातले चार दिवस घरीच बसते, आणि हजेरीपटावर नुसते "गैरहजर" लागते.

बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत शिपाई हजर असेल तरच पाणी मिळायचे, हे आपण लेकरांना सांगत असतो. आमच्या शाळेत आज कुणी विटाळ मानत नाही. नळ कोरडा असतो, एवढेच. तहानलेल्या लेकराला हा फरक कसा समजावणार?

भांडायला गेले आणि किल्ल्या हातात आल्या

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले ती भांडायच्याच तयारीने. मुख्याध्यापिका मॅडमनी मला बसा म्हटले, मी बसले नाही. जे बोलायचे ते उभ्यानेच बोलले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, कपाटातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, "चला, तुम्हीच पाहा."

चार संडास. दोन मुलांचे, दोन मुलींचे. मुलींच्या एका संडासाचे दार बिजागरीतून निखळलेले. नळ होते, पाणी नव्हते. गच्चीवरची टाकी दिवाळीपासून रिकामी, कारण मोटार जळलेली. अर्ज तीन वेळा केलेला, पोच पावत्या त्यांनी दाखवल्या. सफाई करणाऱ्या बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी कुणी आले नाही. वॉर्डातून एक बाई आठवड्यातून दोनदा येते. बाकीच्या दिवशी फिनाईल मॅडमच्या पर्सच्या पैशांतून येते. आवाराची भिंत एका बाजूने पडकी. रात्री तिथून माणसे आत येतात, दारू पितात, संडास घाण करून जातात, आणि सकाळी लहान मुले तिथे काचा तुडवतात. म्हणून कुलूप.

"मुलांसाठी नाही लावलं जी, रात्रीच्या लोकांसाठी लावलं," मॅडम म्हणाल्या.

ते खरे होते. पण रात्रीसाठी लावलेले कुलूप सकाळी कोण काढणार हे कुणीच ठरवले नव्हते. किल्ली ऑफिसच्या कपाटात राहायची. मोठी मुले मागून घ्यायची. पहिली-दुसरीची लेकरे भिंतीआड जायची. आणि लाजऱ्या मुली थांबायच्या. मी माझा आवाज खाली आणला. दोष कुणा एकाच्या माथी मारता आला असता तर बरे वाटले असते, पण तसे नव्हते. आणि ती रात्रीची माणसे कुठून येत होती? आपल्याच वस्तीतून.

या शाळेत चांगले काय आहे

त्यानंतर मी जवळजवळ दोन महिने, आठवड्यातून दोन वेळा शाळेत जाऊन बसले. वजनकाटा नेला, उंचीची पट्टी भिंतीवर चिकटवली, आणि बाकी वेळ नुसते पाहिले. वस्तीत आपण या शाळेविषयी फार वाईट बोलतो. ज्याला परवडते तो कॉन्व्हेंटमध्ये टाकतो, ज्याला परवडत नाही तो कर्ज काढून टाकतो. मीही माझ्या मुलाला कॉन्व्हेंटमध्येच टाकले होते, तेव्हा उपदेश करायचा हक्क मला कमीच आहे. पण जे दिसले ते सांगते.

पहिलीच्या मॅडमना प्रत्येक लेकराचे घर माहीत आहे. दोन दिवस कुणी आले नाही की तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या वस्तीत येतात. एका पोराच्या बापाने घर सोडले हे आम्हा शेजाऱ्यांच्या आधी त्यांना कळले होते, कारण पोराने चित्रात बाप काढणे बंद केले. शाळेत छडी नाही. मारणे आणि मुलाचा अपमान करणे, दोन्हींवर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. इथे ती पाळली जाते आणि मुलांच्या आवाजावरून ते कळते. तिसरीतली बहुतेक लेकरे धडा वाचतात. वाचनालय म्हणजे एक लोखंडी पेटी आहे, पण पेटी उघडी असते आणि पुस्तके फाटलेली आहेत. माझ्या मते पुस्तके फाटलेली असणे हा चांगला गुण आहे.

आणि खिचडी. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, म्हणजे सुमारे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शिजवलेले जेवण द्या असा आदेश दिला, आणि २००४ मध्ये स्वयंपाकाच्या कामात दलित-आदिवासी बायांना प्राधान्य द्या असेही सांगितले. आमच्या शाळेत बचत गटाच्या दोघी जणी मागच्या खोलीत शिजवतात, दोघी आपल्याच वस्तीतल्या. मी आठ-दहा वेळा तिथे जेवले. डाळ दिसते, भाजी दिसते, वाटाणा कच्चा नसतो. वाढण्याआधी मोठ्या माणसाने चव घ्यायची असते, त्यात एक तरी शिक्षक हवा, आणि त्याची नोंद वहीत करायची असते. ती वही मी मागितली, रोजची सही होती. पालकालाही चव घेता येते, कुणी अडवत नाही. एवढे करून त्या दोघींचे मानधन मात्र असे तुटपुंजे की त्या दुपारनंतर दुसऱ्यांची धुणीभांडी करतात.

अंड्याचे दुःख वेगळे. २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरले, लेकरे त्या दिवसाची वाट पाहायची. पुढे शासनाने त्याचा वेगळा निधी थांबवला. आमच्या बायांच्या हातात ते नाही, पण मोर्चाच्या मागण्यांत हे अंडे असायला हवे असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. २०१३ पासून ही सोय आहे. दोन डॉक्टर, औषध देणारे आणि एक सिस्टर असतात. दोन वर्षांपूर्वी या पथकाला दुसरीतल्या एका पोराच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला. पुढे तपासणी झाली, हृदयाला छिद्र निघाले, ऑपरेशन झाले, बापाचा एक रुपयाही लागला नाही. आज तो पोरगा मैदानात सगळ्यांच्या पुढे पळतो. खाजगी शाळेत हे पथक मी तरी येताना पाहिले नाही.

जिथे कमी पडते

पण त्याच पथकाने दिलेल्या चिठ्ठ्यांचे काय होते ते पाहा. चौथीच्या वर्गात मी फळ्यावर आकडे लिहून मुलांना मागच्या भिंतीपाशी उभे केले. तिघांना ते वाचता आले नाहीत. त्यातल्या दोघांना पथकाने आधीच डोळ्यांच्या तपासणीची चिठ्ठी दिली होती. एक दप्तरात सापडली, चार घड्या झालेली. दुसरी घरी देव्हाऱ्यासारख्या जपलेल्या कागदांच्या पिशवीत, शिधापत्रिकेच्या खाली. वाचली कुणी नव्हती. सरकारी कार्यक्रमात शाळेतल्या मुलाला चष्मा फुकट मिळतो. यात शाळेची चूक एवढीच की चिठ्ठी लेकराच्या हातात दिली, आईच्या हातात नाही. आणि कुणी गेले का हे पुन्हा विचारले नाही. त्या दोघांपैकी एकाला वर्गात "ढ" म्हणत होते. चष्मा लागला आणि तो पाढे म्हणू लागला असे चमत्कार मी सांगणार नाही. तो अजून मागेच आहे. पण आता फळा पाहतो.

गुलाबी गोळीचेही असेच. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा लोहाची गुलाबी गोळी द्यायची असते. आमच्या शाळेत डबा कपाटात होता. मागे एकदा कुणाला उलटी झाली, आयांनी येऊन आरडाओरडा केला, मग गुरुजींनी देणेच थांबवले. आयांनो, ही गोळी उपाशीपोटी दिली की मळमळते. खिचडी खाल्ल्यावर दिली तर सहसा काही होत नाही. शौचाला काळे होते, त्याला घाबरू नका. चहासोबत दिली तर लोह अंगी लागत नाही. जंताची गोळी १० फेब्रुवारीला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा असते, ती चावून खायची.

इथे एक धोका आहे आणि तो मला उशिरा सुचला. सिकलसेलच्या रुग्ण मुलाला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही. त्याच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यातले लोह अंगातच साठत जाते. त्याला फॉलिक ॲसिडची वेगळी गोळी लागते. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया दिले असेल तर तेही न चुकवता घ्यायचे. मी मॅडमना विचारले, शाळेत सिकलसेलची मुले किती? त्यांच्याकडे यादी नव्हती. आजीने सांगितलेच नव्हते. का, तर "पोरीची जात हाय, उद्या लग्नात आडवं येईल."

आजीला मी रागावले नाही. पण सांगितले ते तुम्हालाही सांगते. शाळेला ठाऊक नसेल तर थंडीच्या सकाळी तुमच्या लेकराला कवायतीला उभे करतील, पळायला लावतील, ताप आला तर वर्गात झोपवून ठेवतील. सिकलसेलच्या मुलाला ताप येणे, छातीत दुखणे, दम लागणे, एकाएकी पांढरेफटक पडणे, पोट डाव्या बाजूने फुगणे, किंवा एका बाजूचा हातपाय ढिला पडणे, यातले काहीही झाले की त्याच क्षणी दवाखाना. शाळा सुटायची वाट पाहायची नाही. आता मॅडमच्या टेबलाच्या काचेखाली चार मुलांची नावे आणि घरचे फोन नंबर आहेत. वर्गात जाहीर करायचे नाही असे ठरले आहे.

ज्यांनी अजून तपासणी केली नाही त्यांनी ती करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात फुकट होते. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारातला एक धोका रुग्ण मूल होण्याचा असतो. एक रुग्ण झाले म्हणजे पुढची तीन सुटली असे नाही, हा हिशेब प्रत्येक वेळी नव्याने सुरू होतो.

शिक्षकांचेही कमीच आहे. १२० हून जास्त पट असला की कायद्याने पाच शिक्षक हवेत. आमच्याकडे चार आहेत. त्यातले एक निवडणुकीच्या कामावर गेले की दोन वर्ग एकत्र बसतात आणि पहिलीचे लेकरू पाटीवर रेघोट्या मारत दिवस काढते.

आपल्या घरची बाजू

शाळेत जेवढे कमी पडते त्याची यादी मी मॅडमसमोर वाचली तेव्हा त्या म्हणाल्या, "सिस्टर, आमची पण एक यादी आहे." ती यादीही छापली पाहिजे.

अर्धी मुले सकाळी चहात बुडवलेला टोस्ट खाऊन येतात. पोळी नाही, भात नाही. दहा वाजेपर्यंत त्यांचे डोळे मिटायला लागतात. घरात काही नसते असे प्रत्येक वेळी नसते. पाच-दहा रुपये हातात असतात, त्याचे कुरकुरे येतात. रात्रीचा भात फोडणीला टाकून, त्यावर शेंगदाण्याचा कूट घालून दिला तरी चालेल.

दुसरे खर्रा. शाळेच्या फाटकापासून वीस पावलांवर टपरी आहे. शाळेभोवती १०० यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात देणेही गुन्हा आहे. टपरीवाल्याला मी हे सांगायला गेले तर त्याने मलाच विचारले, "मॅडम, तुमच्या गल्लीतले लोकंच पोट्ट्याले पाठवतात, मी का करू?" तो खोटे बोलत नव्हता. तिसरीतले एक पोरगे आजोबांचा खर्रा नेता नेता वाटेत चिमूटभर तोंडात टाकते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. टपरी हटवायचा अर्ज दिलेला आहे. आजोबांना अर्ज कुठे द्यायचा?

तिसरे, आपण शाळेत जातच नाही. शाळा व्यवस्थापन समिती ही कायद्याने केलेली समिती आहे. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते, आलेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवते. आमच्या शाळेच्या समितीत सहा बाया कागदावर होत्या. त्यातल्या दोघींना आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हते. एकीला वाटत होते की ती सही खिचडीच्या तांदळासाठी घेतली.

"सही करा म्हटलं, केली. वाचायले कोणी देल्लं नाही," ती म्हणाली.

पुढची बैठक शनिवारी दुपारी ठेवायला लावली, कारण बहुतेक आया सकाळी कामावर असतात. अकरा जणी आल्या. पहिला अर्धा तास कुणी बोलेना. मग सिकलसेलवाल्या पोरीची आजी, जी समितीत नव्हती, तीच उभी राहिली आणि जानेवारीतली ती रात्र तिने सांगितली. नंतर बोलणाऱ्यांना आवरावे लागले.

तिथे कळले की आमच्या पटाच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत अनुदान येऊ शकते आणि त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेवर खर्चायचा असतो. त्या वर्षीचे पूर्ण आले नव्हते. जे आले होते त्यातून मोटार दुरुस्त करायची असा ठराव झाला. निखळलेले दार एका पालकाने, सुतारकाम करणाऱ्याने, रविवारी येऊन बसवले. केरळमधल्या शाळांत पाणी पिण्याची घंटा वाजते, २०१९ मध्ये तिची बरीच चर्चा झाली होती. ती मी सांगितली, मॅडमनी लगेच उचलली. आता शाळेत दोन वेळा जास्तीची घंटा होते आणि सगळे एकदम बाटली तोंडाला लावतात. टाकी महिन्यातून एकदा धुवायची, तारीख भिंतीवर लिहायची. किल्लीचे असे ठरले की ती कपाटात ठेवायची नाही. पहिलीच्या वर्गाबाहेर, लेकरांचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर खिळा ठोकला आणि लाल रिबीन बांधून किल्ली तिथे अडकवली. विचारायचे नाही, परवानगी मागायची नाही. घ्यायची, जायचे, आणून लावायची.

सफाई कामगार अजून मिळालेला नाही. पाचवे शिक्षकही नाहीत. पडक्या भिंतीचा अर्ज वॉर्ड ऑफिसात पडून आहे. रात्री वस्तीतली चार पोरे आळीपाळीने चक्कर मारतात, त्याने काचा कमी झाल्या आहेत, संपल्या नाहीत. साबण तीन दिवसांत संपतो की तीन दिवसांत चोरीला जातो, यावर पुढच्या बैठकीत वाद होणार आहे. जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधावा असे एका आईचे म्हणणे आहे.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळपाळी सुरू झाल्यावर, मी शाळेत गेले. ऊन चढले होते. खिळ्याकडे नजर गेली तर किल्ली नाही. पुन्हा कपाटात गेली की काय, असे वाटून मी ऑफिसकडे निघालेच होते. तेवढ्यात मागून दार वाजले. चौथीतली ती पोरगी ओले हात झग्याला पुसत आली, मला पाहून लाजली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि पळत वर्गात गेली.